चंडोलच्या रिकाम्या

गुप्ते साहेबांनी आधी काळी प्यायली, मग पिवळी, मग पांढरी, आणि तिन्ही बाटल्या अर्ध्या ठेवल्या. आमच्या ऑफिसात येऊन चंडोलची बाटली अर्धी ठेवणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. मला तो तिथंच आवडेनासा झाला.

"गॅस चांगला मारता तुम्ही," रुमालानं मिशी पुसत ते म्हणाले. "आणि कोल्याला जळक्या साखरेचा वास आहे. मुद्दाम?"

"मुद्दाम," आप्पा म्हणाले. "साखर करपवायला पोरीचाच हात लागतो. मी केली की कडू हुती."

हे आप्पांचं नेहमीचं. साखर करपवायला मला शिकवलं त्यांनीच, पण परक्या माणसापुढं ते श्रेय माझ्या पदरात टाकून मोकळे व्हायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचे. सव्वीस वर्षांची घोडी झाले होते तरी फुगायचे.

काळी म्हणजे चंडोल कोला. पिवळी म्हणजे ऑरेंज, पांढरी म्हणजे लेमन, आणि जिरा मसाला तो मातकट. बाटलीवर आम्ही झोकात इंग्रजी नावं छापली होती, पण सांगली-मिरजेपासून पार जतपर्यंत कुणी ती नावं घेऊन मागितल्याचं ऐकिवात नाही. "एक काळी द्या, गार बघून," एवढंच. लग्नात वऱ्हाडाला काळी, आजाऱ्याला पांढरी, पोरांना पिवळी. जेवण अंगावर आलं की मातकट. आमचा भाग असा रंगांवर चालायचा.

"आणि ही?" गुप्त्यांनी टेबलावरच्या शेवटच्या बाटलीकडे बोट केलं. तिच्यावर काहीच छापलेलं नव्हतं.

"ही अजून बाजारात नाही," मी म्हणाले. "चिंचेची आहे. भैरोबाच्या जत्रेला निघेल."

नवा फ्लेवर चैत्रात, भैरोबाच्या जत्रेलाच काढायचा, असा आमचा शिरस्ता होता. आम्ही जैन, पण धंद्याची सुरुवात आप्पांनी त्या जत्रेत हातगाडीवर केली होती, म्हणून भैरोबाचा मान. जत्रेत जो फ्लेवर चालला तो वर्षभर चालायचा. जो पडला तो परत कधी भरायचा नाही. आमचा अननस तिथंच पडला होता. चिंच, गूळ, थोडं काळं मीठ आणि खाली आमची करपलेली साखर. दीड वर्ष मी त्या चवीच्या मागं होते.

गुप्त्यांनी ती बाटली मात्र तळापर्यंत प्यायली. रिकामी बाटली हातात फिरवत, तिच्या काचेतला उठावाचा पक्षी अंगठ्यानं चाचपत ते म्हणाले, "आप्पासाहेब, स्पष्ट बोलतो. आमच्या कंपनीला चंडोल विकत हवंय."

"चालवायला?" मी विचारलं.

"नाही ताई. बंद करायला."

माणूस निगरगट्ट होता, पण त्या सगळ्या प्रकरणात माझ्याशी खोटं न बोललेला तो एकटाच निघाला, हे मला पुढं कळायचं होतं.

आप्पा हसले. खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "साहेब, कारखाना माझा, पण चंडोल हे नाव हिच्या नावावर हाय. हिच्या अठराव्या वाढदिवसाला मी दिलंय. हिला इचारा."

"नाही," मी म्हणाले. विचारायची वाटसुद्धा बघितली नाही.

"ऐकलंत?" आप्पा म्हणाले. "पोरगी न्हाई म्हणती. विषय संपला."

शेजारी माझा धाकटा भाऊ धन्यकुमार बसला होता, तो नखं बघत होता. आईनं आतून पोहे पाठवले होते, ते गुप्त्यांनी सगळे खाल्ले. जाताना ते मला म्हणाले, "चिंचेची उत्तम आहे. वाईट वाटतं." मी त्यांना दारापर्यंत पोचवायलाही गेले नाही. त्या दिवशी मला आप्पांचा इतका अभिमान वाटला की संध्याकाळी मी त्यांच्या पायाला तेल लावून दिलं.

त्यानंतर रिकाम्या येईनात.

हे जरा सांगायला हवं. आमच्या धंद्यात सिरप, गॅस, बूच ही सगळी नंतरची गोष्ट. धंदा चालायचा तो काचेच्या परत येणाऱ्या बाटल्यांवर. त्यांना आम्ही नुसतं 'रिकाम्या' म्हणायचो. टपरीवर भरलेल्या द्यायच्या, रिकाम्या उचलायच्या, धुवायच्या, परत भरायच्या. एकच बाटली एका उन्हाळ्यात किती तोंडांना लागायची कुणास ठाऊक. पक्षी उठवलेली नवी बाटली हवी तर काचकारखान्याला आधी महिनोन् महिने सांगावं लागे, आणि त्या वर्षी आप्पा स्वतः जाऊन आले होते. दिवाळीशिवाय देत नाहीत म्हणाले. रिकाम्या आल्या नाहीत की दात आहेत तर चणे नाहीत, अशी गत.

आणि मोठ्या कंपन्यांचा तो जुनाच डाव होता, असं या धंद्यात सगळे बोलायचे. गावातल्या कोल्याला पाडायचं तर त्याच्याशी चवीत कशाला झुंजायचं? त्याच्या रिकाम्या गोळा करायच्या आणि फोडून टाकायच्या. ऐन उन्हाळ्यात तो आपोआप झोपतो.

"गुप्त्याचंच काम," आप्पा म्हणाले. "तोंडावर गोड बोलला आन् मागनं पाय ओढला."

मला ते शंभर टक्के पटलं. मी गुप्त्यांना नको नको ते बोलले. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आता कशाला तळतळ करतीस? देऊन टाकायचं हुतं." मी तिच्यावरही ओरडले.

मग आम्ही रिकाम्या शोधायला निघालो. मेटॅडोर मैनुद्दीनमामा चालवायचे. ते माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्याकडं. मला शाळेत त्यांनीच सोडलं, कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला उशीर झाला की तिथंही त्यांनीच. पुढच्या सीटवर ते, मध्ये मी, खिडकीला आप्पा. आप्पांना गुडघ्याचा त्रास, मेटॅडोरमध्ये चढताना मी हात द्यायचे. "तुम्ही कशाला येता आप्पा, मी बघते," म्हटलं तर म्हणायचे, "तू एकटी पोरगी दारोदार कशी फिरणार? मी हाय की."

मिरज, तासगाव, कवठे, मधली सगळी फाट्यावरची दुकानं आम्ही पालथी घातली. सगळीकडं तेच.

"रिकाम्या हायत का?"

"न्हाईत की ताई. गाडी यिऊन घिऊन गेली."

"कुणाची गाडी?"

दुकानदार आधी आप्पांकडं बघायचा, मग माझ्याकडं. "आता काय सांगायचं. गर्दीत असतोय आमी. पोरं देत्यात उचलून."

"पण आमच्या माणसाशिवाय रिकाम्या द्यायच्या नाहीत, इतक्या वर्षांत कळलं नाही का तुम्हाला?" माझा आवाज चढायचा.

"जाऊ दे गं," आप्पा माझ्या पाठीवर हात ठेवायचे. "त्याची काय चूक?"

मला वाटायचं, आप्पांच्या वयाकडं बघून लोकांना बोलायला संकोच वाटतोय. बाजारात त्यांचा शब्दच तसा होता. एका टपरीवाल्यानं कधी बाटली फोडली तरी ते हसून सोडून द्यायचे. लोक त्यांना फसवतील हे मला खरं वाटत नव्हतं. दुकानदारांना कुणी तरी धमकावलं असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

फक्त एकजण, कवठ्याचा पानपट्टीवाला बंडू शिंत्रे, जरा तिरपं बोलला. चुना लावता लावता म्हणाला, "ताई, लै लांब फिरू नका. काखेत कळसा आन् गावाला वळसा, आसं व्हायचं."

"म्हणजे काय?"

"म्हंजी काय न्हाई. म्हण हाय आपली." त्यानं पान आप्पांच्या हातात दिलं.

आप्पा मोठ्यानं हसले. "बंड्याला म्हणी लै येत्यात," म्हणाले. मैनुद्दीनमामांनी गाडी चालू केली, आणि वाटेत त्यांनी नेहमीसारखं गाणं लावलं नाही.

आणि या सगळ्यात कारखान्यात सिरप शिजतच होतं. आप्पा रोज सकाळी विचारायचे, "आज काळीचं केलंस का? चिंचेचं किती झालं?" मी म्हणायचे, "आप्पा, भरायचं कशात?" ते म्हणायचे, "रिकाम्या मिळतील. जत्रा तोंडावर हाय. माल तयार पायजे." मग मी साखर करपवायचे. धुरानं डोळे चुरचुरायचे. टाक्या भरत गेल्या, आणि धुवायच्या हौदापाशी बायका हात बांधून बसल्या. त्या बायकांकडं बघवेना. एकीनं विचारलं, "आक्का, आमी यायचं का बंद करू?" मी तिला सांगितलं की उद्यापर्यंत थांब.

जत्रा अगदी दोन-तीन दिवसांवर आली तेव्हा माझ्या हातात जेमतेम चार क्रेट भरतील एवढ्या बाटल्या होत्या. भैरोबाच्या जत्रेत आमच्या मांडवाला एका तासाला तेवढ्या लागतात. सिरप उतायला लागलं होतं. चिंचेच्या टाकीवर फेस आला, नाक लावलं तर आंबूस वास. दीड वर्षाची चव सगळी गटारीत सोडावी लागली. मी स्वतः नळ उघडला. कामगारांपुढं रडायचं नाही म्हणून तोंडावर पाणी मारत राहिले.

दुपारी मी ऑफिसात गेले. आप्पा पंख्याखाली बसले होते, धन्यकुमार त्यांच्यासमोर.

"आप्पा," मी म्हणाले, "गुप्त्यांना बोलवा. मी हरले."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "नीट इचार कर, त्रिशला. घाईनं काय करू नको."

"केला विचार. बाटल्याच नाहीत तर नुसतं नाव काय चाटायचंय?"

"मी तुला काय म्हणलं न्हाई हां. तू तुझ्या मनानं म्हणतीयास."

"माझ्या मनानं."

"उद्या म्हणशील, आप्पांनी घालवलं."

"नाही म्हणणार."

"धन्या, ऐकतोयास नव्हं?" आप्पा म्हणाले. धन्यकुमारनं मान हलवली. मग आप्पा उठले, गुडघे धरत धरत माझ्याजवळ आले आणि त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझी पोरगी लै शाणी हाय," म्हणाले. मीच त्यांची समजूत घातली. काय काय बोलले ते आठवत नाही, पण मी त्यांना सांगितलं होतं की तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुप्ते आले. सोबत वकील होता. मी वाचलं, जिथं जिथं त्यांनी बोट ठेवलं तिथं तिथं सही केली. पेन खाली ठेवलं तेव्हा वाटलं, अजून काही तरी व्हायला हवं. एवढी मोठी गोष्ट, आणि चहा येईपर्यंत संपली.

गुप्त्यांनी कप उचलला. "आता बाटल्या तेवढ्या आमच्या माणसांसमोर फोडायच्या," म्हणाले. "आजच उरकून टाकू."

मला हसू आलं. कडू हसू. "साहेब, बाटल्या तुम्हीच उचलल्यात की. असत्या तर सही कशाला केली असती मी?"

गुप्त्यांचा कप तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं. "आम्ही? आप्पासाहेब, तुम्हीच फोनवर म्हणालात ना, सगळ्या गोळा करून हरिपूरला ठेवल्यात म्हणून?"

बाहेर गॅसचं मशीन बंद होतं, त्यामुळं पंख्याचा आवाज फार मोठा वाटत होता.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

आप्पा कपातल्या चहाकडं बघत होते.

"आप्पा, काय म्हणालात?"

गुप्ते अवघडले. त्यांना वाटलं होतं, मला एवढं तरी माहीत असेल. ते घाईघाईनं धन्यकुमारकडं वळले आणि विषय बदलायला म्हणून म्हणाले, "तुम्हाला दिलेल्या आमच्या एजन्सीचा बोर्ड रंगवायला टाकलाय हां. पाडव्याला उद्घाटन करू म्हणत होतो, पण आता उशीर झाला."

धन्यकुमार म्हणाला, "आक्का, ऐक..." बिचारा तसाही कधी फार बोलणारा नव्हता.

मी बाहेर आले. मेटॅडोरजवळ मैनुद्दीनमामा उभे होते. "हरिपूरला चला," म्हटलं. कुठं ते त्यांनी विचारलं नाही. वाटेत एवढंच बोलले, "बाळ, मी तुमचं मीठ खाल्लंय. आप्पांनी पोराबाळांची आण घातली हुती."

"रोज मला घेऊन फिरत होता तुम्ही, मामा."

"व्हय."

"आणि पहाटे हीच गाडी घेऊन?"

ते रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिले.

हरिपूरला माझ्या चंपाआत्याची पेवं होती. पेव म्हणजे हळद ठेवायला जमिनीत खणलेलं कोठार, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली रांजणासारखं पोट. आत्याच्या यजमानांनी हळदीचा धंदा सोडल्यापासून ती तशीच पडून होती. आम्ही पोचलो तेव्हा मागच्या गाडीतून गुप्ते, त्यांची माणसं, धन्यकुमार आणि आप्पा आले. एका पेवावरची फरशी बाजूला करून माणसं दोर सोडत होती. खालून एकेक पोतं वर यायचं. पोत्याचं तोंड सोडलं की पाचटात गुंडाळलेल्या माझ्या बाटल्या.

सगळ्या धुतलेल्या होत्या. आप्पांना घाण बाटली बघवायची नाही.

मी एक हातात घेतली. उन्हात धरली. तिच्यात एक ओरखडासुद्धा नव्हता. एवढ्या बाटल्यांत आमची जत्रा झाली असती, चिंचेची निघाली असती, त्या बायका हात बांधून बसल्या नसत्या. हे सगळं जमिनीच्या पोटात होतं आणि वर मी गावोगाव भीक मागितल्यासारखी हिंडत होते. आणि माझ्या शेजारी कोण बसलं होतं? कुंपणानं शेत खाल्लं तर शेतानं कुणाकडं बघायचं?

आत्यानं आप्पांना ओसरीवर खुर्ची दिली होती. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"दुकानदारांना काय सांगितलंत?"

"खरं ते सांगितलं." आप्पांचा आवाज बारीक होता पण ठाम होता. "म्हणलं, पोरगी सव्वीसची झाली. कारखान्यापायी लग्नाला उभी ऱ्हाईना. हिच्या हातातनं ही बाटली सुटली पायजे, तवा तेवढं सांभाळून घ्या. कुणाच्या पोटात दुखंल? सगळ्यांनी मदत केली."

"सगळ्यांना माहीत होतं."

"तुझ्या भल्याचं हुतं."

"आणि आईला?"

"तिनंच म्हणलं हुतं आधी."

आत्या आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, माझ्याकडं बघून तशीच परत गेली. अंगणात पहिली बाटली फुटली. मग दुसरी. माणसं एका दगडावर आपटून फोडत होती, हळूहळू त्यांना लय सापडली.

"धन्याला एजन्सी मिळती म्हणून केलंत ना?"

"ते बी हाय. खोटं कशाला बोलू? हत्ती आलाय गं दारात. त्याच्याशी कुस्ती खेळून तू काय कमावणार हुतीस? धन्याचं पोट भागंल, तुझं लग्न हुईल. नाव ठिवून काय झालं असतं? दोन उन्हाळं आणखी."

"तर मग तसं मला सांगायचं. समोर बसवून सांगायचं, आप्पा. भांडले असते, रडले असते. पण सांगायचं. गुप्त्यांसमोर 'पोरगी न्हाई म्हणती, विषय संपला' कशाला म्हणालात?"

"तू न्हाई म्हणलीस म्हणून."

"रोज सिरप कशाला करून घेतलंत? चिंचेचं कशाला करून घेतलंत?"

आप्पांनी हातांनी गुडघे चोळले. "रिकामी बसली असतीस तर इचार करत बसली असतीस. माझ्याकडं बघितलं असतंस. मला खोटं बोलाया येत न्हाई तुझ्यापुढं."

अंगणात काच फुटतच होती. मैनुद्दीनमामा गाडीच्या पलीकडं जाऊन उकिडवे बसले होते.

"एवढं सगळं करायची गरज काय होती?" मी म्हणाले. आता माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "तुम्ही बाप आहात. दरडावून सही घेतली असतीत तर केली असती मी."

"केली असतीस. ठावं हाय मला." आप्पांनी वर बघितलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "पन जलमभर माझं तोंड बघितलं नसतंस. तू तशीच हायस. लहानपणी एकदा मारलं तर म्हैनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. म्हणून म्हणलं, तुझ्या हातानंच सुटू दे. तुझ्या मनानंच सुटू दे. मग तू माझीच ऱ्हाशील."

"म्हणजे मी तुमचं तोंड बघावं म्हणून."

"व्हय," आप्पा म्हणाले. "दुसरं काय?"

ते खरं बोलत होते, हेच सगळ्यात वाईट होतं. माझ्या बाजूला कोण होतं? बाजार नव्हता, आई नव्हती, भाऊ नव्हता, मामा नव्हते. आणि समोर बसलेला माणूस मला फसवून वर माझं प्रेमही शाबूत ठेवायला निघाला होता. मी त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. कपाळावरचं गंध, चष्म्याच्या दांडीचा नाकावरचा वळ, दाढीचे पांढरे खुंट. मग पायऱ्या उतरून आले आणि एस.टी.नं घरी गेले.

पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं. कोल्हापूरला दिलं, माणसं चांगली मिळाली. धन्यकुमारची एजन्सी दणक्यात चालली. लोकांनी काळी, पिवळी मागायचं सोडलं आणि बाटलीवर छापलेलं नाव घ्यायला शिकले. मी माहेरी जायचं कधी बंद केलं नाही. दिवाळीला जायचे, पर्युषणात जायचे, आई आजारी पडली तेव्हा महिना-महिना राहिले. आप्पांना वाढायचे, त्यांच्या गोळ्या द्यायचे. विचारलं तर उत्तर द्यायचे. कुणी म्हणू शकणार नाही की बापलेकींत बोलणं नव्हतं.

फक्त मान वर करून त्यांच्याकडं बघितलं नाही. ताटाकडं बघायचे, हातातल्या पेल्याकडं बघायचे. आप्पांना ते पहिल्याच दिवाळीला कळलं असावं. बोलले मात्र फार उशिरा. तेव्हा ते अंथरुणाला खिळायच्या बेतात होते. मी त्यांच्या पायाशी बसून पांघरूण सारखं करत होते.

"त्रिशला," ते म्हणाले, "लै म्हातारा झालो गं मी. एकदा बघ तरी."

"दिसतंय की आप्पा," मी म्हणाले. "पाय सुजलेत तुमचे."

आणि तेल गरम करायला आत गेले.